‘हे ६१३ कोणातले?’ – माझ्या सॅम्पलिंगचे चौदा महिने

माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण पान ५८ ला सुरू होतं आणि ७९ ला संपतं. नमुना निवड. ही बावीस पानं व्हायला चौदा महिने लागले. त्यातले पहिले तीन महिने निव्वळ वाया गेले. कुणी आधी सांगितलं असतं तर ते वाचले असते, म्हणून हे लिहितेय. मौखिकी गेल्या आठवड्यात झाली, त्यामुळे सगळं ताजं आहे आणि तारखा वहीत आहेत.

विषय साधा होता: रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकांना नाइट ड्युटीच्या आठवड्यात झोप किती मिळते. मी स्वतः सहा वर्षं वॉर्डात काढलेली. प्रश्नावली तयार होती, गाइड मॅडमनी ती तपासलीही होती. ११ जानेवारीला मी तिचा ऑनलाइन फॉर्म केला आणि माझ्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. मैत्रिणींनी पुढे पाठवला, त्यांच्या मैत्रिणींनी आणखी पुढे. २० जानेवारीपर्यंत ६१३ उत्तरं आली. नऊ दिवसांत! किती जणी लागतील ते काढायच्या सूत्रातून ३८४ चा आकडा आला होता आणि माझ्याकडे त्याच्या दीडपटीहून जास्त होते. मी आलेखसुद्धा काढून ठेवले.

७ फेब्रुवारीला संशोधन समितीपुढे बसले. माझं सादरीकरण पाचव्या स्लाइडवर पोचलं तेव्हा एका सदस्य बाईंनी हात वर केला. “हे ६१३ कोणातले?”

“नर्सेसमधले, मॅडम.”

“कोणत्या नर्सेस? एकूण किती आहेत? आणि ज्यांच्यापर्यंत हा फॉर्म पोचलाच नाही, त्या कोण?”

मला तिन्हीपैकी एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, “ज्यांना झोप लागत नाही त्यांनीच रात्री जागून झोपेचा फॉर्म भरला असेल, तर?” मी खोलीवर येऊन फॉर्म किती वाजता भरले गेले ते पाहिलं. निम्म्याहून जास्त रात्री अकरा ते पहाटे चारच्या मधले होते.

त्या रात्री मला स्वतःलाच धड झोप लागली नाही, हे ओघाने आलंच.

गाइड मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यापेक्षा मोठ्या लोकांनी हे केलंय.” १९३६ सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या जवळपास २४ लाख भरून परत आल्या. साप्ताहिकाने रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्टना ६० टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांच्याकडे गेली. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार होती अशांचे. शिवाय ज्यांनी पत्रिका परत पाठवायची तसदी घेतली ते आणि ज्यांनी घेतली नाही ते, यांचाही कल सारखा नव्हता. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच निवडणुकीत सुमारे ५० हजार लोकांवरून निकाल बरोबर सांगितला. २४ लाख चुकले, तिथे माझ्या ६१३ ची काय कथा.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ठरवलं, आता सगळं शास्त्रशुद्ध. सहज यादृच्छिक निवड करायची. प्रत्येक परिचारिकेचं नाव एका यादीत, आणि त्यातून संगणकाने निवडलेली ३८४ नावं. (‘यादृच्छिक’ शब्द ऐकला की मनाला येईल तसं, असं वाटतं. प्रत्यक्षात इथे मनाला पूर्ण मज्जाव असतो. वाटेत भेटेल तिला विचारलं, ही रँडम निवड नव्हे. ती सोयीची निवड.) माझ्या अभ्यासक्षेत्रात ४२ रुग्णालयं होती. मी ४२ पत्रं लिहिली: कृपया आपल्याकडील सर्व परिचारिकांची नावं द्यावीत.

नऊ आठवडे मी याद्या मागत फिरले. कुणी म्हणालं वरून परवानगी आणा, कुणी म्हणालं नावं देता येत नाहीत, एका ठिकाणी कारकुनाने माझं पत्र आवक नोंदवहीत चढवलं आणि पुढच्या चार भेटींत ते सापडलंच नाही. १८ एप्रिलपर्यंत ४२ पैकी ११ याद्या हाती आल्या. त्याही कशा, तर एका यादीत नोकरी सोडून दोन वर्षं झालेल्या सिस्टर होत्या. दुसरीत एकच बाई माहेरच्या आडनावाने एकदा आणि सासरच्या आडनावाने एकदा. तिसरीत कंत्राटी नर्सेस नव्हत्याच, कारण त्यांचा पगार वेगळ्या फाइलमधून निघतो. आणि माझ्या अनुभवानुसार सगळ्यात जास्त नाइट त्याच करतात!

त्या दिवशी मी सांख्यिकी विभागातल्या सरांकडे गेले. ‘आधी डेटा गोळा करू, मग आकडेमोडीला जाऊ’ असं ठरवून तोवर गेले नव्हते. ही माझी सगळ्यात महागडी चूक. सांख्यिकीवाल्याकडे प्रश्नावली छापायच्या आधी जायचं असतं, आणि जाताना हातात फक्त दोन गोष्टी लागतात: मला नेमकं काय मोजायचंय आणि कोणाबद्दल बोलायचंय.

सरांनी माझ्या ११ याद्या चाळल्या आणि विचारलं, “तुम्हाला सगळी नावं कशाला हवीत?”

“त्याशिवाय निवडणार कसं?”

“रुग्णालयं निवडायला नावं लागत नाहीत. कुठे किती नर्सेस आहेत तेवढा आकडा लागतो. तो कुणीही फोनवर सांगेल. आधी रुग्णालयं निवडा. मग जी निवडली जातील तेवढ्यांचीच यादी मागा.”

नऊ आठवडे! दोन टप्प्यांची समूह निवड म्हणतात ती हीच. पुस्तकात मी ती वाचली होती, परीक्षेत पाच गुणांना लिहिलीही होती. पण तिचा खरा फायदा हा, की यादी फक्त निवडलेल्या समूहांची करावी लागते, हे पाच गुणांच्या उत्तरात मला कधी दिसलं नव्हतं. पुढच्या आठ दिवसांत ४२ ठिकाणचे आकडे फोनवर मिळाले, कंत्राटी धरून. एकूण १,८६०.

मग ३८४ वर आलो. हा आकडा तुम्ही इतक्या प्रबंधांत पाहिला असेल की तो कुठून येतो हे विचारायची लाज वाटते. मी सरांना विचारलं. ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६, त्याचा वर्ग ३.८४१६. प्रमाण काय निघेल ते माहीत नाही म्हणून सगळ्यात वाईट परिस्थिती धरायची, म्हणजे ०.५ गुणिले ०.५. भागिले चूक किती चालेल त्या मर्यादेचा, म्हणजे ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. नियमाने वर न्यायचं तर ३८५. हा आकडा समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्यांची एकूण संख्या, प्रचंड मोठी आहे असं धरून येतो. माझी १,८६० चीच होती, म्हणून दुरुस्ती करून तो ३१९ वर उतरला. मी खूश झाले. सर म्हणाले, थांबा.

एकाच रुग्णालयातल्या सिस्टर एकमेकींसारख्या असतात. रोस्टर एक, मेट्रन एक, माणसांची टंचाई एक. एका ठिकाणी २४ जणींना विचारलं तरी माहिती २४ स्वतंत्र जणींइतकी मिळत नाही. हा तोटा मोजतात त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात: १ अधिक, समूहातल्या उत्तरांच्या संख्येतून १ वजा करून त्याला साम्याच्या गुणांकाने (एका समूहातली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याच्या मापाने) गुणायचं. आम्ही गुणांक ०.०२ धरला. १ + २३ × ०.०२ = १.४६. ३१९ ला १.४६ ने गुणलं की ४६६. शिवाय शंभरातल्या पंधरा जणी मिळणार नाहीत असं धरून ५४९. वीस समूह, प्रत्येकी २८, म्हणजे ५६०. समूहाच्या पद्धतीत असाल आणि नुसतं ३८४ लिहून मोकळे झाला असाल तर परीक्षक इथे हमखास बोट ठेवतो. माझ्या शेजारच्या खोलीतल्या एका संशोधकाचं प्रकरण याच कारणाने परत आलं.

२ मे रोजी नीती समितीकडे अर्ज केला. १९ जूनला मंजुरी आली, मध्ये एक दुरुस्ती. त्यांची हरकत अशी की नावांची यादी आणि उत्तरं एकाच फाइलमध्ये होती. त्यांनी दोन फाइली करायला लावल्या: एकीत नाव आणि संकेतांक, दुसरीत संकेतांक आणि उत्तरं, आणि दोन्ही वेगळ्या जागी. तेव्हा कटकट वाटली. पुढे एका रुग्णालयात “आमच्या कोणत्या सिस्टरने काय लिहिलं ते दाखवा” असं विचारलं गेलं, तेव्हा ‘माझ्याकडे ते एकत्र नाहीच’ असं खरं सांगता आलं. हा बदल अर्जात आधीच करून ठेवा, एक फेरी वाचेल.

निवडीचा दिवस २४ जून. त्याआधी मी सरांना विचारलं होतं, रुग्णालयांच्या चिठ्ठ्याच का टाकू नयेत? त्यांनी १९६९ ची गोष्ट सांगितली. व्हिएतनाम युद्धाच्या सैन्यभरतीसाठी अमेरिकेत १ डिसेंबरला जन्मतारखांची सोडत झाली. ३६६ कुप्या, प्रत्येकीत एक तारीख. त्या महिन्यामहिन्याने भरल्या गेल्या आणि नीट मिसळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा लवकर निघाल्या, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्या पोरांवर सैन्यात जायची पाळी जास्त आली. चिठ्ठ्या हलवल्या की आपल्याला वाटतं मिसळल्या. त्या मिसळतातच असं नाही.

तर आमची पद्धत अशी. एकट्या समूहाला २८ जणी पुरवता येणार नाहीत अशी छोटी रुग्णालयं शेजारच्यांशी जोडली, त्यामुळे ४२ ची ३१ एककं झाली. ती सरकारी, विश्वस्त संस्थेची, खासगी अशी क्रमाने लावली, म्हणजे प्रत्येक प्रकाराला आपोआप वाटा मिळतो. प्रत्येकापुढे नर्सेसची संख्या आणि तिच्यापुढे धावती बेरीज, शेवटी १,८६०. भागिले २० म्हणजे ९३. मग १ ते ९३ मधला एकच यादृच्छिक आकडा काढायचा. संगणकाने ५७ दिला. ५७, मग १५०, मग २४३, असं ९३-९३ ची उडी मारत १,८२४ पर्यंत. धावत्या बेरजेत हा आकडा ज्या एककाच्या पोटात पडेल ते निवडलं.

मोठ्या रुग्णालयांना निवडलं जाण्याची संधी जास्त, हा अन्यायच नाही का, असं मला वाटत होतं. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. ज्या एककात ३१ नर्सेस आहेत ते निवडलं जाण्याची शक्यता ३१ भागिले ९३. निवडलं गेलं तर त्यातल्या एकीची पाळी येण्याची शक्यता २८ भागिले ३१. दोन्हींचा गुणाकार २८ भागिले ९३. जिथे ९३ नर्सेस आहेत ते एकक निवडलं जाणारच, पण त्यातल्या एकीची शक्यता २८ भागिले ९३. तेच. संख्या वर एकदा येते, खाली एकदा येते आणि कापली जाते. प्रत्येक सिस्टरला, ती कुठेही असो, सारखीच संधी. अख्ख्या चौदा महिन्यांत मला निखळ आनंद झाला तो या दोन ओळींनी. फळ्याचा फोटो अजून फोनमध्ये आहे.

सगळ्यात मोठ्या रुग्णालयात ३१० नर्सेस होत्या, त्यामुळे तिथे उडी तीनदा पडली आणि तिथून ८४ जणी घ्यायच्या ठरल्या. आणखी एकावर दोनदा पडली. म्हणून वीस निवडींत प्रत्यक्ष १७ एककं आली, म्हणजे २१ रुग्णालयं. ४२ ची निम्मी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निवडीत नसलेल्या एका रुग्णालयात १२ जणींवर पायलट केला. मोठ्या पाहणीआधी छोटी चाचणी घ्यायची ही शिस्त प्रशांतचंद्र महालनोबिसांनी बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राचा अंदाज काढताना बसवली. तिथे तिने शेतं मोजायचा खर्च वाचवला, माझा तिने एक प्रश्न वाचवला. ‘काल रात्री किती तास झोपलात?’ हे नाइटवालीला विचारून उपयोग नसतो, ती काल रात्री जागीच असते. मी स्वतः सहा वर्षं नाइट करून हा प्रश्न लिहिला होता!

१५ जुलैला प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी घोळ. पहिल्या रुग्णालयाची यादी मी स्प्रेडशीटमध्ये घालून शेजारी रँडम आकड्यांचा रकाना केला, त्यावरून क्रम लावला आणि वरची २८ नावं वहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर आकडे वेगळेच. ते सूत्र फाइल उघडताना, कुठेही काही टाइप करताना पुन्हा नवे आकडे काढतं. माझी वहीतली २८ नावं कशी निघाली हे आता मला कुणालाच दाखवता येणार नव्हतं. पुन्हा निवड केली, यावेळी सरांच्या समोर. आकडे निघाल्याबरोबर फक्त मूल्यं म्हणून चिकटवले, फाइलला तारीख घातली, ती स्वतःला आणि मॅडमना मेल केली. पुढच्या प्रत्येक ठिकाणी हेच. मौखिकीत ‘निवड कशी केली ते दाखवा’ असा प्रश्न आला तेव्हा मी मेल उघडून दाखवला.

एका ठिकाणी मी घाईत पद्धतशीर निवड करायचं ठरवलं. ८४ जणी, २८ हव्यात, म्हणजे दर तिसरी. पहिला आकडा १ आला. १, ४, ७, १०… टिक करत गेले. दहाएक नावांनंतर जाणवलं की एकाआड एक ‘इन्चार्ज’ येतेय. रोस्टर वॉर्डवार होतं: १४ वॉर्ड, प्रत्येकात ६ जणी, आणि प्रत्येक वॉर्डात पहिलं नाव इन्चार्ज सिस्टरचं. ८४ जणींत इन्चार्ज होत्या १४, आणि त्या चौदाच्या चौदा माझ्या २८ मध्ये! सुरुवात २ किंवा ३ ने झाली असती तर एकही आली नसती. तिथल्या इन्चार्ज बहुतेक दिवसाच्या ड्युटीला असतात, त्यामुळे झोपेचं चित्र एकदम गुलाबी आलं असतं. पद्धतशीर निवड वाईट नाही, पण आधी यादीकडे डोळे उघडे ठेवून पाहा. तिला स्वतःची लय असेल आणि ती तुमच्या अंतराशी जुळली तर संपलं. मी यादी पिसून घेतली आणि पुन्हा निवडलं.

आणि मग खरी दमछाक: माणसं गाठणं.

एका मेट्रन मॅडमचा प्रेमळपणा मी विसरणार नाही. मी यादीतलं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, ती नाइटला आहे, आत्ता घरी झोपली असेल. ही घे ना, हिचीपण सेमच ड्युटी असते.” शेजारी उभी असलेली सिस्टर हसत खुर्ची ओढून बसलीसुद्धा. तिचं वय तेवढंच, वॉर्ड तोच. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटत होतं. पण विचार करा, मी दुपारी जाते तेव्हा कोण भेटत नाही? नाइटवाली. आणि माझा विषय काय? नाइटवालीची झोप. भेटेल तिला बदली म्हणून घेत गेले असते तर माझा फॉर्म्युला, माझा फळ्यावरचा गुणाकार, सगळं पाण्यात. गॅलपचं नाव वर घेतलंच आहे; १९४८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याचाही अंदाज चुकला, ट्रूमन जिंकले आणि त्याने ड्यूईंना जिंकवलं होतं. अनेक कारणांत एक हे सांगतात की तेव्हा कोटा पद्धत होती: इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, अमुक वयाचे, हे ठरलेलं, पण त्यातला नेमका कोण हे मुलाखतकाराच्या हातात. माणूस आपसूक सोप्या दाराकडे वळतो. त्या खुर्चीतल्या सिस्टरशी मी दहा मिनिटं गप्पा मारल्या, फॉर्म मात्र दिला नाही. मेट्रन जराशा रुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला, ओव्हरच्या (ड्युटी बदलताना काम सोपवायच्या) वेळी, मी वॉर्डाच्या दाराशी उभी राहिले आणि यादीतली सिस्टर भेटली. डोळे तांबारलेले, पर्स खांद्याला, एक चप्पल घालत म्हणाली, “पाच मिनिटांत होईल ना?” अकरा मिनिटं लागली.

तेव्हापासून नियम केला: प्रत्येक नावासाठी तीन प्रयत्न, वेगवेगळ्या वेळी, त्यातला एक सकाळच्या ओव्हरला. पहिल्या प्रयत्नात ३०२ जणी मिळाल्या, दुसऱ्यात ९८, तिसऱ्यात ७१. या ७१ साठी जेवढा वेळ गेला तेवढा ३०२ साठी गेला नव्हता. पण नंतर तिन्ही गटांची उत्तरं वेगवेगळी मांडून पाहिली तर तिसऱ्या गटाची झोप उघडच कमी होती. ३०२ वर थांबले असते तर आकडे सुबक आले असते आणि चुकीचे.

पैशांचं म्हणाल तर माझ्या एकूण खर्चातला दोन तृतीयांश भाग प्रवासात गेला: १५ जुलै ते ३० नोव्हेंबर, ७४ फेऱ्या. बजेट लिहिताना मी छपाईला जास्त आणि फेऱ्यांना कमी धरलं होतं. प्रत्येक ठिकाणी किमान तीन फेऱ्या धरा, त्याशिवाय परवानगीच्या वेगळ्या.

परवानगीचं दुखणं शेवटपर्यंत होतं. निवडलेल्या एका रुग्णालयाने सात आठवडे ‘फाइल साहेबांकडे आहे’ असं सांगून शेवटी दोन ओळींचं नकाराचं पत्र दिलं. मला शेजारचं दुसरं रुग्णालय घ्यायचा मोह झाला; तिथले लोक तर बोलवत होते. सर म्हणाले, बोलावतायत म्हणूनच नाही. जिथे रोस्टर ताठ आणि माणसं कमी, तिथेच बाहेरच्या माणसाला आत घ्यायला नको असतं, हे शक्य आहे. त्या २८ जागा रिकाम्याच ठेवल्या आणि तसं लिहिलं.

शेवटचा हिशेब: ५६० पैकी ४७१. न मिळालेल्या ८९ मध्ये २८ त्या रुग्णालयाच्या, २३ जणींनी स्पष्ट नकार दिला, १७ दीर्घ रजेवर, १२ नोकरी सोडून गेलेल्या आणि ९ तीनदा जाऊनही भेटल्या नाहीत. नोकरी सोडलेल्या १२ हा नकार नव्हे, त्या मुळात समष्टीतच नव्हत्या, यादी जुनी होती. म्हणून प्रतिसादाचं प्रमाण दोन प्रकारे दिलं: ५६० वर ८४.१ टक्के, ५४८ वर ८५.९ टक्के. फक्त मोठा आकडा द्यायचा मोह होतो. दोन्ही द्या, परीक्षकाचा पुढचा प्रश्नच संपतो. आणि या सगळ्या नोंदी रोजच्या रोज करा. डिसेंबरात आठवून लिहिता येत नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारीत आणखी एक छोटा भाग केला: झोपेपायीच हे काम सोडलेल्या परिचारिका. त्यांची यादी कुठेच नसते, त्यामुळे वरचं एकही यंत्र इथे चालत नाही. इथे स्नोबॉल. ओळखीच्या चार जणींपासून सुरुवात केली, प्रत्येकीने तिच्या ओळखीच्या दोघी-तिघी सांगितल्या. सातव्या मुलाखतीपर्यंत लक्षात आलं की सगळ्या एकाच कॉलेजच्या, दोन बॅचमधल्या. चेंडू उतारावरून जिथे जायचा तिथेच जातो. मग मुद्दाम वेगळ्या वयाच्या, वेगळ्या रुग्णालयांतल्या तीन नवीन सुरुवाती शोधल्या आणि एकीकडून दोनापेक्षा जास्त नावं घ्यायची नाहीत असं ठरवलं. १९ मुलाखतींवर थांबले, कारण शेवटच्या चारांत नवीन काही ऐकू आलं नाही.

मौखिकीत बाहेरच्या परीक्षकांनी याच भागावर विचारलं, “काम सोडणाऱ्यांपैकी किती टक्के झोपेमुळे सोडतात?”

“ते या १९ वरून सांगता येणार नाही, सर. कशा सोडतात, सोडण्याआधी काय काय करून पाहतात, एवढंच सांगता येईल.”

त्यांनी मान हलवून पान उलटलं. माझ्या शेजारी समितीच्या त्या सदस्य बाई बसल्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, “त्या ६१३ चं काय केलंस?”

खरं तर पुसून टाकणार होते. पण प्रश्नावलीतली भाषा तपासायला ते उपयोगी पडले होते, सहा प्रश्न त्यांच्यामुळेच सुधारले. म्हणून परिशिष्टात एक परिच्छेद आहे: सोयीच्या निवडीतून मिळालेली उत्तरं, केवळ प्रश्नावलीच्या सुधारणेसाठी वापरली, निष्कर्षांत धरलेली नाहीत. पान २११.

आता फक्त नावांची फाइल नष्ट करून नीती समितीला तसं पत्र द्यायचं राहिलंय. मुदत या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत आहे. पत्रावर गाइडची सही लागते, आणि मॅडम २५ पर्यंत रजेवर आहेत.